खोटं सुंगट

सकाळी पावणेसातला शटर अर्धंच वर असतं
तेव्हा विश्राम मेथर वाकून आत येतात,
उपाशीपोटी, बाही सरकवत.
मनगटापासून कोपरापर्यंत तेलाचे जुने चटके,
चाळीस वर्षं जत्रेजत्रेतून खाजं तळल्याचे.
मी शीर शोधते,
ते भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या ट्रॉलरकडे बघत राहतात.

"साखर सोडलंय गो मी. गुळाचो खडोसुद्धा नाय.
मगे हो आकडो खाली कित्याक येणा नाय?"

खिशातून डबी काढतात.
टक.
तळहातावर एक गोळी, माशाच्या खवल्याहून लहान.
आधी चहात एक टाकायचे. मग दोन.
हल्ली तीन.

मी फक्त रक्त काढते, काका.
सही डॉक्टरांची असते, आणि डॉक्टर येतात बुधवारी.
आज शनिवार.

तरी सांगायला लागले:
माझा भाऊ जेटीवर गरवायला जातो
गरीला रबरी सुंगट लावून.
मिशा, डोळ्याचा काळा ठिपका, पोटाशी चकाकी,
सगळं हुबेहूब.
भरतीच्या पाण्यात चोणक झेपावतो, जबडा मिटतो
आणि तोंडात काहीच नसतं.
तशीच तुमची जीभ आत निरोप धाडते,
गोड येतंय, पानं मांडा,
आणि आतली माणसं हात धुऊन...

तिथेच थांबले.
डॉक्टरांना एकदा हेच ऐकवलं होतं, तर हसले,
म्हणाले, इतकं सरळ असतं तर काय हवं होतं.
कुणाच्या आतड्यातले जंतू बदलतात, कुणाचे नाही,
कुणाला काहीच होत नाही.
शोधतायत अजून.

म्हणून साधंच विचारलं, चहाबरोबर काय घेता?
"बटर. दोन."
मी सुई धरून गप्प.
"चार. गोळी आसा मां!"
आणि परवा शिरवाळे केले होते घरात,
रसाची वाटी दोनदा भरली.
"चहात वाचवलंय मां इतक्या? मगे?"

सुई काढली. कापूस दाबून बसले ते,
उठायचं नाव नाही.
मग खाली बघत म्हणाले,
गेल्या जत्रेत पाक बिघडला.
तार बोटांत बरोबर आलेली, रंग बरोबर,
आल्याचा वास तिसऱ्या दुकानापर्यंत.
जिभेवर घेतला तर फिका.
गूळ घातला. फिकाच.
आणखी घातला.
संध्याकाळी कांदळगावचं जुनं गिऱ्हाईक पुडी परत घेऊन आलं,
"मेथरांनु, ह्या वर्साचा खाजा गोडमिट्ट झालाहा."

आता सून चाखते. केसर.
ती मान हलवते तेव्हा ते कढई उतरवतात.
"तिका दोन वर्सां झाली घरात येवन," म्हणाले,
आणि कापूस उचलून बघितला,
रक्त थांबलंय का.

थांबलं होतं.

नळीवर लिहिलं: मेथर, विश्राम. वय त्रेसष्ट. उपाशीपोटी.
ते गेले, शटरखालून वाकून,
आणि पाहते तर डबी टेबलावरच.
विसरले की ठेवून गेले, कळत नाही.
ड्रॉवरमध्ये ठेवलीय.
बुधवारपर्यंत.