दोन मुठी उसिपा

प्रभू, तुला आधीच सांगते,
मागिरेतीसाठी प्रार्थना कर
असं आज म्हणू नकोस.
माझ्या मिठाच्या गोणीचे पैसे तिच्याकडे आहेत,
गेल्या ईस्टरपासून.

रविवारी बाओबाबला टांगलेली ट्रकची रिम
लोखंडी कांबीने बडवतात, मंडळी जमते,
आणि आम्ही दोघी एकाच बाकावर
मध्ये एका माणसाची जागा सोडून बसतो.
आबुसा चिर्वांना वाटतं,
उशिरा येणाऱ्यांसाठी ठेवलीय.
प्रार्थना ऋणांच्या ओळीपाशी येते
तेव्हा मी खोकते.
ते खोकणं तुला ओळखू येत असणारच.

रात्री सरोवरावर होड्यांचे दिवे लागतात.
उसिपा उजेडाकडे धावतो नि जाळ्यात सापडतो.
आबुसा म्हणतात, आपण उजेडाची लेकरं.
मी मनात म्हणते, मग जरा जपूनच.

मंगळवारी तिचा वाटिपासो तापाने फणफणला.
त्याला पाठीशी बांधून
ती सायकल-टॅक्सीवर दवाखान्यात गेली.
जाताना माझ्या दाराकडे पाहिलं तिने,
बोलली काही नाही.
मीही भांडं घासत राहिले,
घासून झालेलंच.

दुपारी पाण्याचा रंग बदलला.
म्वेरा सुटला.
हा वारा आमच्याकडे पाहुण्यासारखा येत नाही,
वसुलीला आल्यासारखा येतो,
किनाऱ्याची वाळू उचलून
चिमूट चिमूट मासळीत पेरतो.
वाळू गेलेला उसिपा बाजारात कोण घेणार?
पहिल्याच घासाला दात ओरडतात.

बोरूच्या माचांवर अलीकडे माझी मासळी,
पलीकडे तिची.
आधी माझी झाकली. खोटं कशाला सांगू.
चटया, फाटकं जाळं,
उपासनेला नेसायचं माझं चितेन्जेसुद्धा,
कडांना दगड.
मग हात रिकामे झाले,
आणि रिकाम्या हातांचं काय करायचं
ते मला या वयातही कळलेलं नाही.

प्रेमबिम काही वाटलं नाही, प्रभू.
साक्ष देताना बाया सांगतात,
छातीत ऊब दाटून आली.
माझ्या छातीत दमा दाटला होता.
मी तिला शिव्या घालत तिची मासळी ओरपली,
टोपली भरून माझ्या चुलीपाशी ओतली,
परत गेले, परत शिव्या, परत टोपली.
पाचव्या की सहाव्या खेपेला
शिव्या संपल्या होत्या
आणि मी हिशेब करत होते:
पोराच्या औषधाला एवढे,
पिठाला एवढे,
मिठाच्या गोणीला...
तिथे आकडा पुढे सरकेना.
वाऱ्याचा आवाज फार होता,
म्हणून असेल.

बुधवारी ती आली. पोराचा ताप उतरलेला,
तिचे डोळे दोन रात्रींचे.
टोपल्या पाहिल्या. एकेक उचलून
हातानेच वजन केलं.
म्हणाली, "दोन मुठी कमी आहेत, एनेलेसी."

दोन मुठी!
तू वर बसून हसला असशील तर
मी तुला दोष देणार नाही.
"बदकाने खाल्ल्या असतील," मी म्हटलं.
बदक तिचंच होतं,
ते तिलाही माहीत होतं.

ती हसली नाही, मीही नाही.
पण बसली, उंबऱ्यावरच,
पोराला मांडीवर घेऊन,
आणि न्सिमा शिजून होईपर्यंत उठली नाही.
पैशांचं कुणी काढलं नाही.
मीठ मात्र तिने दुसऱ्यांदा मागून घेतलं.
मी दिलं.
बघ, अजून मोजतेच आहे.

येत्या रविवारी त्या ओळीपाशी
खोकणार नाही, असं वचन देत नाही.
म्वेराची वाळू घशात गेलीय,
खोकला या वेळी खरा आहे.
फक्त मधली जागा भरलीय एवढं सांगते.
वाटिपासो तिथे आडवा होणार,
डोकं आईच्या मांडीवर,
चिखलाचे पाय माझ्या चितेन्जेवर.