डावखुरी

यवतमाळच्या लायब्ररीतून आणलेलं पुस्तक
मी कापसाच्या गाठोड्याला टेकून वाचते.
फरदडीची वेचणी संपत आलीय.
फेब्रुवारी, मी मायला सांगते,
तिकडे काळ्या माणसांच्या इतिहासाचा महिना असतो,
लोक घरी बसूनही पाळतात.
"एकच महिना? अन् तोही अठ्ठाईस दिवसाचा?
पाय मंग. पन आधी लसून सोल."

लसूण सोलता सोलता मी सांगते:
जहाजं, साखळ्या, लिलावाचा चौथरा,
बाईच्या नावापुढे वय, वयापुढे किंमत.
माय हं म्हणत नाही.
तुऱ्हाटी चुलीत आत सारते.

मग मी वाचते, एका माणसानं दिवसाला
दोनशे पौंड कापूस वेचायचा.
"किलोत सांग."
नव्वद.
तिचा हात थांबतो.
छत्तीस वर्षं वेचलंय तिनं,
ऐकलेलं आधी बोटांनी मोजून बघते.
"चांगल्या बोंडाच्या दिवशी मी पन्नास करतो.
वच्छला साठ, तेही अंगात आल्यावानी.
नव्वद म्हंजे...
चांदन्यातही वेचत असतीन."
पुढच्या पानावर तेच होतं.
"अन् कमी भरलं तं?"
ते मी वाचलं नाही.
तिनं परत विचारलं नाही.

म्हणणारच होते, बघ माय, आपल्यासारखंच.
तिनं माझं तोंड ओळखलं.
"सारखं नोको म्हनू, उत्पला.
मी सांजच्याले घरी येतो.
माहे लेकरं माह्याजवळ राह्यले.
वावर सोडून निघालो तं
माह्यामागं कुत्रे नाई सोडत कोनी."
जरा थांबून,
"आता नाई सोडत."
आणि पदरातली सालं झटकून उठली.

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं, वेचणी राहिली.
चित्रांची पानं निघाली तेव्हा
मायनं पुस्तक मांडीवर घेतलं.
एका पानावर वाकळ.
कामाच्या पँटींचे झिजलेले गुडघे,
पिठाच्या पोत्याचं अस्तर,
आणि मधेच एक लाल तुकडा
कुठल्याच ओळीत न बसणारा.
खाली छापलेलं: शिवणारी अज्ञात.
"अज्ञात म्हंजे?"
नाव माहीत नाही.

चष्मा नाकावर दाबून
ती बराच वेळ त्या टाक्यांत शिरून बसली.
"हे डावखुरी होती.
टाके पाय कसे उलट्या अंगाले झुकले.
अन् इथं दोरा सरला तिचा,
हाती लागला त्या रंगाचा घेतला."
लाल तुकड्यावर बोट ठेवलं,
उचललं नाही.
"हा कोनाच्या तरी आंगावरचा हाय.
फेकवला नसन गेला."

पुस्तकात या वाकळीवर अर्धीच ओळ होती.

रात्री लाइट गेली.
वच्छला आली, तिची सून आली,
दोन पोरी आल्या मोबाइलचा उजेड धरायला.
माय पान उघडून दाखवत होती,
सोयरिकीतल्या बाईचा फोटो दाखवावा तसं.
"हे तुमची कोन लागते?"
"कोनी नाई," माय म्हणाली. "वेचनारी."
वच्छलानं पान जवळ ओढलं.
मग नव्वद किलोवर सगळ्यांचा वाद झाला,
झोपलेलं पोर उठेपर्यंत.

माझ्या शाळेच्या ड्रेसचा निळा घेर,
बाबांच्या सदऱ्याची पाठ,
मायची फाटकी ओटी, पऱ्हाटीनं ओरबाडलेली:
महिना संपायला तीन दिवस उरले
तेव्हा तिनं तुकडे पसरले.
उन्हाळाभर चालेल हे काम,
तिला कसली घाई नाही.

निजायच्या आधी पाहिलं,
तर सुई डाव्या हातात.
चारदा टोचली.
टाके वेडेवाकडे, उलट्या अंगाला कललेले.
वीतभर ओळ झाली
तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली,
"अस्सं. मंग दिवा इकून ठेवत असन ते."

आणि दिवा उचलून
दुसऱ्या बाजूला ठेवला.