खडीसाखर

शिरगणतीचा पोरगा उंबऱ्यात बसून विचारतो,
आज्जी, मातृभाषा कुठली लिहू?
मी म्हणते, आधी चहा घे.
साखर चालते ना तुला?

बेचाळीस साली निपाणीत आमचा फौजदार
थोरांना पट्ट्यानं मारायचा
आणि लहानांना खडीसाखर द्यायचा.
थोरं गप्प राहायची.

आमचा शिदू तारा तोडून आला होता.
आय ज्या वखारीत तंबाखू निवडायची
तिथंच, बोदांच्या मागं, तिनं त्याला निजवला
नाकातोंडाला ओला पटका बांधून,
कारण वखारीत माणूस शिंकेवरून सापडतो.

मग एका रात्री तिनं माझ्या तळहातावर
एक खडा ठेवला.
मालन, दादा कुठं हाय गं?
मी सहा वर्षांची. खडा भला थोरला.
मी सांगितलं.

मारलं नाही तिनं.
खडा परत घेतला, पदराला गाठ मारली
आणि चूल विझेपर्यंत माझ्याकडं बघत बसली,
बाजाराच्या आदल्या रात्री शेरडाकडं बघतात तशी.

पहाटे तंबाखूच्या गाडीतनं, पोत्यांच्या बेचक्यात,
संकेश्वर.
वाटेत एकच शब्द शिकवला.
कुणी काय बी इचारलं तर म्हणायचं, गोत्तिल्ल.
म्हंजे, ठावं न्हाई.
गाव कंचं? गोत्तिल्ल.
दादा कुठं? गोत्तिल्ल.
हिरण्यकेशीचं पाणी दिसेपर्यंत
शब्द जिभेवर बसला.

गौरव्वा मिरच्या वाळवायची.
आयची ती कोण? बाजारातली ओळख, एका तागडीची.
दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच यायची,
तेवढ्यात काम झालं.
तिनं ट्रंकेतनं एक परकर काढला, खणाचं झंपर काढलं,
दोन्ही मला बेताचं बसलं.
कपाळावर इबूत ओढून म्हणाली, निंगव्वा.
निंगव्वा आदल्या साली तापानं गेली होती
हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

फौजदाराचा माणूस तिथंही आला.
मिरच्यांच्या ढिगात काठी खुपसली आणि स्वतःच ठसकला.
डोळे पुसत विचारलं, ही कुणाची?
नन्न मगळु, गौरव्वा म्हणाली.
समोरची बाई शेंगा फोडत होती, फोडत राहिली.
पोरं गोट्या खेळत होती.
निंगीच्या मयताला आलेलं प्रत्येक माणूस त्या गल्लीत होतं,
एकानं मान वर केली नाही.
माझी लेक, हे दोन शब्द
वर्षभर तिच्या तोंडात आले नव्हते.
त्या रात्री ती माझ्याकडं पाठ करून झोपली.

आयला दोनदा चावडीत नेलं.
उजव्या हाताची दोन बोटं पुढं वळलीच नाहीत,
जन्मभर तिच्या भाकरीची एक कड जाड यायची.
शिदू सापडलाच शेवटी. शिंकेनं नाही, खोकल्यानं.
हिंडलग्याच्या तुरुंगात त्यानं सुतळी वळली,
तिथून परत आला तो
वखारीवरून जायचं झालं तर लांबचा रस्ता धरायचा.

मला न्यायला आय आली तेव्हा मिरच्या विकून झाल्या होत्या.
मी गौरव्वाच्या मागं लपले.
आय उकिडवी बसली. पदराची गाठ दातांनी सोडली.
तोच खडा, कडा झिजलेला, तंबाखूच्या वासाचा.

मालन, दादा कुठं हाय?
गोत्तिल्ल.
शाबास. आन् मी कोन तुजी?

गौरव्वानं मला पाठीमागून हलकं ढकललं.
खडा मुठीत चिकट झाला होता.
गोत्तिल्ल, मी म्हटलं.

आय हसली, असं मला आठवतं.
गौरव्वा पुढं कधी भेटली की म्हणायची,
नाही, हसली नव्हती.