पार्ट नंबर १३५१

हपमोबाइल तिचं नाव.
डेट्रॉइटात घडलेली, मुंबईच्या धक्क्यावर उतरलेली,
सेलूच्या ठेसनात मालडब्यातून खाली आली तव्हा
काबराशेठच्या जिनिंगचे हमाल काम टाकून उभे राहिले.
बैल हौदावर पाणी पितो तसं पेट्रोल पिई,
म्हणून लोक तिला हपापी म्हणाले
आणि तेच नाव राहिलं.

सेलू ते जिंतूर. भाडं हाली शिक्क्यात.
मागच्या सीटवर अडते, वकील, एकदा अडलेली बाई,
एकदा तहसीलचा कारकून आणि दोन बोकड.
(पुरं भाडं फक्त बोकडांचं मिळालं.)
पावसाळ्यात काळी माती चाक असं धरी
की देणेकऱ्याचं धोतरच हाती लागलंय.

मग एका उन्हाळ्यात, जिंतूर चार कोस असताना,
पाण्याच्या पंपातला पंखा फुटला.
ठेसनमास्तर अय्यास्वामींनी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं.
खाली शेख दगडू मिस्त्रीनं पेन्सिलीनं पंखा काढला,
सहा पाती, मधे भोक,
भोकाचं माप ज्वारीच्या दाण्यांत.
आठ महिन्यांनी पत्र परत आलं,
लिफाफ्यावर जांभळा शिक्का.
"पत्त्यावर कोणी नाही. कंपनी उठली."
"उठली म्हंजे? गेली कुठं?"
"कुठं नाही. संपली."
मिस्त्री गाडीकडं बघत राहिला.
"मंग हिला माहेर नाही म्हना की."

भाता माझा आजा ओढत होता, भुजंग पांचाळ.
शाळेची तडकलेली घंटा, एक गळकी घागर,
दुधनेची वाळू काकवीत मळून केलेला साचा.
पहिली ओत फुसकी. दुसरीत फोड आले.
तिसरीला पंखा निघाला.
घासताना मिस्त्रीची कानस एकदाच घसरली,
पाचव्या पात्याला नखाएवढी खाच पडली.
ती तशीच ठेवली.
पाठीवर छिन्नीनं फसली साल ठोकलं: १३५१.
तेव्हापासून गाडी सुरू झाली
की आत कुठंतरी बारीक घणघण व्हायची
आणि रस्त्याकडेची पोरं उगाच खूश व्हायची.

सरपोतदार पुण्याहून आले तव्हा
हपापी सरकीच्या पोत्यांखाली होती, कोंबड्या आत.
पांढरे हातमोजे, हातात यादी.
दिवे ओरिजनल. दांडे ओरिजनल. हॉर्न संशयित.
पंखा उन्हात धरला, उलटा केला.
"हे लोकल आहे."
मी लेथवर होतो, मान वर केली नाही.

मिशिगनात कोणी म्हातारा, मोटारींचे जुने भाग
आपल्या गॅरेजात बनवून विकतो.
त्याच्याकडं नकाशा नव्हता. कुणाकडंच नव्हता.
नमुना पाठवा म्हणाला.
मीच बांधून दिला, सेलूच्याच कापसात.

तीन महिन्यांनी दोन्ही आले, जुना आणि नवा.
नव्यासोबत दाखला, सही, अस्सल बनावट असल्याचा.
जुना सरपोतदारांनी माझ्या हातात दिला,
"ठेवा. आठवण."

नवा बसवायला मीच खाली झोपलो.
अंगठा पात्यांवरून फिरवायची सवय, फिरवला.
एक, दोन, तीन, चार,
पाचव्याला खाच.
नखाएवढी. अगदी तितकीच.
बॅटरी पाठीवर मारली.
लिहिता न येणाऱ्यानं चित्रासारखे काढलेले आकडे,
पाचाची शेपटी जरा चुकलेली:
१३५१.
पार्ट नंबर समजला असेल बिचारा.

गाडीखाली मी किती वेळ पडून होतो कोण जाणे.
सरपोतदारांचे बूट येरझाऱ्या घालत होते.
"बसला का?"
"बसला."
"आता कशी, अस्सल झाली."
"व्हय."

हपापी पहिल्याच हँडलला सुरू झाली.
पाणी फिरलं, सगळं जुळलं.
घंटा तेवढी नव्हती.
ती माझ्या खिशात होती, किल्ल्यांना लागून वाजत.