एकशे सतरा नंबरची मोई

फेब्रुवारीत तिचा घेर भरला चौऱ्याण्णव पूर्णांक तीन.
मे महिन्यात, त्याच खिळ्याखाली, त्याच टेपने,
त्र्याण्णव पूर्णांक नऊ.
मी मुंग्या झटकल्या, सालीवरची धूळ पुसली,
श्वास रोखून पुन्हा मोजलं.
चार मिलिमीटर कमी.
झाड आटलं होतं.

कोठारे मॅडम फोनवर म्हणाल्या,
उणे वाढ म्हणजे मोजणाऱ्याची चूक,
प्रबंधात ती ओळ ठेवू नकोस.
येऊरच्या उतारावर तेव्हा एक कांडोळ तेवढा पांढरा,
बाकी सगळं शेणकुटाच्या रंगाचं.
ऐनाच्या सालीला सुसरीच्या पाठीसारख्या भेगा.
पायाखाली सागाची पानं अशी वाजत होती
की भेकराला मी
तीन टेकड्यांवरून ऐकू गेले असेन.
खाली घोडबंदरच्या बाजूला
तिसाव्या मजल्यावरच्या तलावाचं निळं पाणी,
आणि त्याच इमारतीच्या दारात
टँकरची रांग.

देवलीबाई बरफ माझ्या टेपचं दुसरं टोक धरते.
रोजी चारशे, शिवाय डबा अर्धा अर्धा.
तिला विचारलं, झाड बारीक होतं का गं?
तिने हात वर केला.
काचेच्या बांगड्या मनगटावरून घसरल्या
त्या थेट कोपरापाशी थांबल्या.
"दिवाळीत ह्याच निघता निघत नाहीत," म्हणाली,
"उनाळ्यात मीच त्यांच्यात मावत नाही, सैल पडते.
मोईला तू बांगडी घातलीस काय?"

घातली होती.
पत्र्याची पट्टी, स्प्रिंग लावलेली,
ठाण्याच्या बाजारपेठेत घड्याळ दुरुस्त करणाऱ्या
एका म्हाताऱ्याकडून करून घेतलेली,
पंचवीस झाडांना पंचवीस.
तीही सैलच होती.
एकट्या टेपची चूक नव्हती तर.

मी वहीत लिहिलं: खोडातलं पाणी उतरलं.
लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले,
जमिनीवरचं मेलेलं लाकूड, किलोमध्ये.
वीस बाय वीस मीटर. शून्य.
शेजारच्या चौकोनातही शून्य.
गेल्या वर्षी, तेव्हाही शून्य.
त्यापुढे माझ्याच अक्षरात:
मानवी हस्तक्षेप, मध्यम.

दुपारी तिच्या पाड्यावर चहा प्यायला गेलो.
तीन दगडांमध्ये धावड्याची फांदी
अजिबात धूर न करता जळत होती.
सून परसात मोळी सोडत होती:
कुडा, काकड, खैराचं एक वाकडं ढोपर,
आणि एका ओंडक्याला अजून चिकटलेला
माझा ॲल्युमिनियमचा बिल्ला. चौसष्ट.

चौसष्ट मेलं ते मला माहीत होतं.
कुठे गेलं ते माहीत नव्हतं.

सून घाबरली. देवलीबाई नाही घाबरली.
बिल्ला उपटून तिने पदराने पुसला,
माझ्या हातावर ठेवला, सुटे पैसे परत द्यावेत तसा.
"उभं होतं तंवर तुझं," म्हणाली.
"पडल्यावर विचारायला आलो होतो,
तू परीक्षेला गेली होतीस."

मला हसू आलं. मग नाही आलं.
पिशवीतला ताणकाटा काढला,
तिला विचारून मोळी टांगली.
एकोणीस किलो सहाशे.
इतक्यावर किती दिवस? तीन.
पावसाळ्यात? दोन, ओलं जळत नाही.
सिलिंडर? आहे की, पाहुण्यांसाठी.
कोपऱ्यात तो होता, वर देवाचा फोटो,
फोटोला हार.

परतताना नाक्यावरच्या गार्डने
नेहमीसारखी माझी पिशवी उघडली,
परवानगीचं पत्र पाहिलं, वही चाळली.
बिल्ला माझ्या मुठीत होता.
कोमट होता अजून, चुलीमुळे की माझ्यामुळे,
हे मोजायला माझ्याकडे काही नव्हतं.

रात्री कोपरीच्या खोलीत, पंख्याखाली,
मोईची ओळ मी गाळली नाही.
उणे शून्य पूर्णांक चार, तसंच राहू दिलं.
मग शून्याच्या रकान्यावर बसले.
"मध्यम" खोडून काय लिहावं, सुचेना.
"चहा" लिहिलं. खोडलं.
शेवटी नुसता आकडा टाकला,
एकोणीस पूर्णांक सहा,
आणि समोर, ठिकाण या शब्दाखाली,
देवलीबाईच्या घराचे अक्षांश-रेखांश.

मॅडम विचारतील,
हे चौकोनाच्या बाहेर कसं गेलं?