भांगाचं पाणी

शिमग्याला आठ दिवस. अष्टमीचं पाणी,
वाशिष्ठी चालते तशी
बाळंतीण पहिल्यांदा अंगणात येते.

चांद बुडाला की होडी सोडायची, हे शब्बीर परकारचं ठरलेलं.
डब्यात जिवंत कोळंबी. गरी शेपटीजवळ टोचायची,
ती मरता कामा नये.
खोकला आला तर बाही चावायची.

काजूच्या मोहोराचा वास पाण्यापर्यंत उतरलाय,
आणि डिझेलचा.

त्यानं बॅटरी मारली तिवरांच्या मुळांशी:
दोन निखारे.
"मगर. ती दोन्ही डोळे देते.
जिताडा एकच देतो, आडवा बघतो,
उधारी बुडवलेल्या गिऱ्हाइकासारखा."

दोर बोटावर. बोटच कान.
किती वेळ कोण जाणे.
मग एकदाच,
अंधारात कुणी आतून कडी चाचपावी
तसं काहीतरी.
मी ओढलं नाही.
ओढायला हवं होतं.

वर आली नुसती गरी,
तिला कोळंबीची एक मिशी.
शब्बीर हसला नाही. डबा पुढे सरकवला.
"पाणी फिरायला अजून अर्धा तास आहे."

गोवळकोटाकडून फजरची बांग.
निखारे तिथेच,
तेही बसलेत
पाणी फिरायची वाट बघत.