रुमालाखालचा भाव

चार नंबरच्या दारावर कागद मीच चिकटवला:
'हातमोज्यांशिवाय आत जाऊ नये.'
माझं अक्षर तिरकं, चिकटपट्टी संपत आलेली.
सुटा कोपरा पंख्याच्या वाऱ्यानं
रात्रभर फडफडत राहिला.

खरूज.
शब्दच असा, की उच्चारला की कुणाची तरी मान खाली जाते.
मार्थाकाकूंची करडी लोकरी शाल
थंडीत चौघांच्या खांद्यांवरून फिरली,
इथं एकमेकांना द्यायला दुसरं असतं तरी काय,
आणि शालीसोबत फिरला किडा,
सुईच्या टोकाएवढाही नसलेला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात दोष कुणाचाच नाही.
मार्थाकाकू तेव्हापासून पंगतीत बोलत नाहीत.

मग आमचं सुरू झालं.
गळ्यापासून तळव्यापर्यंत मलम,
बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत,
माणूस स्वतःला जिथं विसरून गेलेला असतो तिथंही.
चादरी उकळायच्या.
उकळता येणार नाही ते पिशवीत, गाठ मारून, सात दिवस:
शाल, कानटोपी, जपाची गोमुखी,
नातीनं शिवलेला कापडी हत्ती.
काळ्या प्लास्टिकवर सोंडेचा उंचवटा उमटला होता.

नेमगोंडा मगदूम, वय एक्क्याऐंशी. सगळ्यांत जास्त त्यांना.
म्हणून चार नंबर.
उभी हयात सांगलीच्या पेठेत हळदीचे सौदे केले,
म्हणतात, अजून अंगाला वास आहे.
मला मलमाचाच येतो.

तिसऱ्या दिवशी उंबऱ्यातूनच विचारलं, अण्णा, काही हवं?
"हरिपूरची पेवं बघितलीस काय गं?
आत हळद, वर मातीनं तोंड बंद.
वर्षं जाऊ देत, कीड शिवत नाही.
पण उघडल्या उघडल्या माणूस उतरवायचा नाही.
आधी वारं जाऊ द्यायचं.
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं."
माझ्या मास्ककडं बघत राहिले.
"तू कंदील हाईस काय?"

मी म्हटलं, जेवण झालं की मलम लावायचंय.

सहाव्या रात्री मलमाचा हात थांबवून म्हणाले,
"तो पंचा टाक हातांवर."
टाकला.
पंच्याखाली त्यांनी माझा हात धरला,
चार बोटं एकदम दाबली, सोडली,
मग दोन, मग करंगळीचं एक पेर.
"तोंडाकडं बघायचं नाही. तोंडावरनं भाव फुटतो."
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.
रबराच्या पापुद्र्यापलीकडं
त्यांचा अंगठा गरम, खरखरीत,
एवढ्या दिवसांत खाजवण्याखेरीज
पहिल्यांदाच कामाला लागलेला.

"कळला भाव?"
नाही कळला.
पण हात काढावासा वाटेना,
म्हणून मीही एक बोट दाबलं, उगीच.
अण्णा खो खो हसले, खोकला लागेपर्यंत.
"एवढ्यात? अगं, यात बारदानसुद्धा निघत नाही!"

मोजे उलटे सोलून पिवळ्या बादलीत टाकले.
कोपरापर्यंत हात धुतले, मनात वीस मोजत.
वहीत लिहिलं: मलम लावले, रात्री नऊ वाजता.
लिहायला आणखी रकाना नव्हता.

सौदा पटलेला नाही अजून.
उद्या पिशवीचा सातवा दिवस.
गाठ मी अंगणात सोडीन,
थोडं वारं जाऊ देईन आधी.
शाल मार्थाकाकूंच्या हातात कुणी द्यायची,
ते मात्र ठरलेलं नाही.